प्रदर्शन उतरल्यानंतरचे तीन महिने

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे: तुम्ही नाशिकला शाळेत चित्रकला शिकवता. नोकरी सांभाळून साडेतीन वर्षांत तुम्ही जुन्या वाड्यांच्या जिन्यांवर बावीस तैलचित्रांची मालिका पूर्ण केली, मुंबईत तिचे पहिले एकल प्रदर्शन झाले, सात चित्रे विकली गेली, आणि त्याला आता तीन महिने उलटले तरी नवे एकही चित्र धड उभे राहिलेले नाही. रोज संध्याकाळी तुम्ही कामाच्या खोलीत जाता, काहीतरी सुरू करता आणि तासाभरात ते खरवडून टाकता. घरात चिडचिड होते, झोप तुटक झाली आहे. एका कलादालनाच्या चालकांनी याच मालिकेतली आणखी दहा चित्रे मागितली आहेत, पण तेही करवत नाही. ही विश्रांतीची गरज आहे की आतले सगळे संपले आहे, माध्यम बदलावे की नेटाने रोज बसावे, असे तुम्ही विचारता.

मी एकतीस वर्षे पुण्यात चित्रे काढतो आहे. या काळात माझी नऊ एकल प्रदर्शने झाली आणि त्या नऊही वेळा प्रदर्शन उतरल्यावर हा काळ आला. सर्वांत लहान पाच आठवड्यांचा होता, सर्वांत मोठा चौदा महिन्यांचा. तो टाळण्याची युक्ती मला सापडलेली नाही. पण त्याचे कारण काय असावे याविषयी माझे एक मत बनले आहे आणि त्या मतानुसार वागल्यापासून हे महिने मला पूर्वीइतके खात नाहीत. तेवढेच मी सांगू शकतो.

त्याआधी एक गोष्ट बाजूला काढू. झोप तुटणे आणि चिडचिड होणे हे काम अडल्यामुळेही होते, परंतु जेवणाची वासना जाणे, एरवी आवडणाऱ्या कोणत्याच गोष्टीत मन न लागणे, जगण्याचाच कंटाळा येणे असे काही दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल, तर तो प्रश्न चित्रकाराकडे नेण्याचा नाही. अशा वेळी सरळ डॉक्टरांना भेटा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. तुमच्या मजकुरावरून मला तसे वाटले नाही, कारण शाळेतल्या मुलांविषयी तुम्ही फार उत्साहाने लिहिले आहे. तरीही हे लिहिल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

बाकी बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. चित्रे विकूनच घर चालत असेल, तर सहा महिने थांबून राहा असे सांगणे निर्दयपणाचे ठरेल. तुम्हाला पगार आहे, त्यामुळे ती घाई नाही, पण दिवसाचे दीड-दोन तासच हाती आहेत आणि तेही दमलेल्या शरीराचे. वय, घरातली जबाबदारी, खोलीतला उजेड या सगळ्यांचा हिशेब प्रत्येकाचा वेगळा असतो. मी जे सांगतो ते रोजच्या कामातून आलेले आहे, त्यामुळे त्यातले तुमच्या दिवसात बसेल तेवढेच घ्या.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही लिहिता की काही सुचत नाही. पण त्याच मजकुरात तुम्ही तीन महिन्यांत सुरू करून सोडलेल्या गोष्टींची यादी दिली आहे: गोदाकाठचा बाजार, भांडी बाजारातल्या तांब्या-पितळेच्या हंड्यांच्या उतरंडी, वर्गाबाहेर पडलेला मुलांच्या चपलांचा ढीग, आणि आजीच्या घरातला बंद पडलेला माजघराचा दरवाजा. ज्याला सुचत नाही त्याची यादी अशी नसते. चपलांच्या ढिगावर तर मी स्वतः वर्षभर काम करायला तयार होईन. म्हणजे विषयांचा दुष्काळ नाही. सुरू केलेली प्रत्येक गोष्ट तासाभरात तुमच्या नजरेतून उतरते, ही खरी अडचण आहे. आणि माझ्या मते ती त्या विषयांची नसून त्या नजरेची आहे.

तुमचे प्रदर्शनाआधीचे सात-आठ महिने आठवून पाहा. त्या काळात तुम्ही काय करत होता? एखाद्या पायरीचा कोपरा थोडा गडद करणे, दोन चित्रांतल्या काव रंगाचा मेळ बसवणे, कठड्याची कड धारदार करणे, मग चौकटी, कॅटलॉग, किमतींची यादी, चित्रांची नावे. हे सगळे निर्णय लहान असतात आणि त्यांचा निकाल ताबडतोब लागतो. सहा फूट मागे जायचे, डोळे किंचित मिटून पाहायचे, आणि अर्ध्या मिनिटात कळते की जमले की नाही. अशा हजारो लहान निर्णयांनी हात आणि डोळा तयार झालेला असतो. त्या काळात आपण फार चांगले चित्रकार झालो आहोत असे वाटते, आणि ते खरेही असते, पण ते चित्र पुरे करण्यापुरतेच खरे असते. चित्र सुरू करणे हे वेगळ्या जातीचे काम आहे. तिथे निर्णय मोठे असतात, त्यांचा निकाल कित्येक आठवडे लागत नाही, आणि पहिल्या दिवशी जे दिसते ते बहुतेक वेळा ओबडधोबड असते. साडेतीन वर्षांत तुम्ही एकदाच खऱ्या अर्थाने सुरुवात केली आणि ती पहिल्या काही महिन्यांत. त्यानंतरची प्रत्येक सुरुवात त्या मालिकेच्या आधारावर झाली. एकविसावा जिना सुरू करताना आधीचे वीस जिने पाठीशी होते.

म्हणून आज संध्याकाळी तुम्ही हंड्यांच्या उतरंडीचा पहिला थर लावता आणि बाविसाव्या चित्राच्या शेवटच्या दिवशीच्या नजरेने त्याचा निवाडा करता. त्या परीक्षेत कोणताही पहिला थर नापासच होणार. अस्वस्थता वाटते ती या दोन दिवसांमधल्या अंतरामुळे.

हे मला कोणी शिकवले नाही, एका फाइलने शिकवले. २००९ च्या पावसाळ्यात, चौथ्या प्रदर्शनानंतर, मी अगदी तुमच्यासारखा चार महिने बसून होतो. घर बदलायचे होते म्हणून माळ्यावरचे सामान उतरवले, तेव्हा आधीच्या मालिकेच्या सुरुवातीची कागदांची फाइल हाती आली. ती मालिका पुण्यातल्या लकडी पुलाखालच्या नदीपात्रावर होती. दोन वर्षे चालली आणि लोकांना आवडलीही. माझ्या आठवणीत तिची सुरुवात अशी होती की एके दिवशी पुलावरून जाताना मला सगळे दिसले आणि घरी येऊन मी काढायला बसलो. फाइलमध्ये चौदा कागद होते. त्यांतले तेरा वाईट होते, केवळ कच्चे नव्हे तर खरोखर वाईट, पाण्याचा रंग राखेसारखा आणि पूल पुठ्ठ्याचा वाटावा असा. अकराव्या कागदाच्या समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलने लिहिले होते: 'विषय चुकला. सोडून द्यावा.' खाली तारीख होती. त्या तारखेनंतर मी त्याच विषयावर दोन वर्षे काम केले आणि ते वाक्य लिहिल्याचे पार विसरून गेलो.

तेव्हा माझे पहिले सांगणे असे की जिन्यांच्या मालिकेचे अगदी पहिले कागद शोधून काढा. फेकले नसतील तर ते कुठेतरी असतीलच. ते भिंतीला लावा आणि त्यांच्या शेजारी गेल्या तीन महिन्यांतले, खरवडून न टाकलेले, जे काही उरले असेल ते लावा. तुलना करायचीच असेल तर सुरुवातीशी सुरुवातीची करावी.

दुसरी गोष्ट भिंतीचीच आहे. तुम्ही चित्र कुठे टेकवून किंवा टांगून रंगवता हे लिहिलेले नाही, पण अनेकांसारखे भिंतीवरच लावून रंगवत असाल तर त्या भिंतीकडे एकदा पाहा. माझ्या खोलीत मी कॅनव्हास दोन खिळ्यांवर टेकवून काम करतो, आणि कडांपर्यंत रंग नेताना कुंचला बाहेर जातो. एक मालिका संपली की भिंतीवर रिकामे चौकोन उरतात. आतला भाग पांढरा, चारी बाजूंनी रंगाच्या फटकाऱ्यांची झालर, खाली ओघळ, वर खिळ्यांची भोके. त्या चौदा महिन्यांच्या काळात मी नवे कॅनव्हास पुन्हा त्याच खिळ्यांवर लावत होतो. ते साडेतीन बाय चार फुटांचेच होते, कारण स्ट्रेचर, म्हणजे कापड ताणायच्या लाकडी चौकटी, त्याच मापाच्या करून ठेवलेल्या होत्या. नवा विषय मी जुन्या खिडकीतून पाहत होतो आणि तो विषय आडवा, पसरट, बसकट होता, ती खिडकी उभी होती. हे माझ्या लक्षात यायला एक वर्ष लागले, हे सांगायला मला आजही थोडी लाज वाटते. शेवटी मी खिळे उपटले, भोके लांबीने भरली आणि भिंतीला पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात दिले. तुमचे जिने उभे होते, हे तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रांत दिसतेच. बाजार आणि चपलांचा ढीग हे आडवे विषय आहेत. तुम्ही ते कोणत्या मापात सुरू केले होते?

आता विश्रांती की नेट, याविषयी. मला या दोन्हींपेक्षा तिसरी गोष्ट उपयोगी पडते, ती म्हणजे हाताला काम आणि नजरेला सुट्टी. प्रदर्शनानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे मी कॅनव्हास तयार करतो. मापे मुद्दाम वेगवेगळी घेतो. कापड चौकटीवर ताणताना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून सुरुवात करून समोरासमोर पिना मारत कोपऱ्यांकडे जायचे आणि कोपरे शेवटी दुमडायचे. बोटाने टिचकी मारली की डफासारखा आवाज आला पाहिजे. मग जेसोचे, म्हणजे रंगाआधी कापडावर द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात, प्रत्येक हात आधीच्याच्या आडव्या दिशेने, मध्ये पूर्ण वाळू देऊन आणि बारीक पॉलिश पेपर फिरवून. या कामात निर्णय जवळपास नसतात, चूक झाली तर दिसते आणि सुधारता येते, आणि संध्याकाळी काहीतरी पुरे झाल्याचे समाधान मिळते. बाजारात तयार कॅनव्हास मिळतात आणि वेळ वाचतो हे मला माहीत आहे. या काळात मला वेळ वाचवायचाच नसतो.

त्यानंतर तुम्ही म्हणता तसे रोज बसणे. इथे मला तुमच्या सवयीतली एक गोष्ट खटकते, ती खरवडण्याची. तैलरंग तासाभरात वाळत नाही, म्हणून पॅलेट नाइफ फिरवला की सगळे साफ होते. हा त्या माध्यमाचा मोठा गुण आहे, पण अस्वस्थ माणसाच्या हाती तो घातक ठरतो, कारण न आवडलेले काम त्याच दिवशी नाहीसे करता येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोऱ्या कॅनव्हाससमोर उभे राहावे लागते. अशा तऱ्हेने तीन महिन्यांत तुम्ही साठ-सत्तर वेळा पहिला दिवसच काढला असेल. दुसरा दिवस एकाही चित्राला मिळाला नाही. म्हणून माध्यम बदलावे का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर 'होय, काही काळ' असे आहे, आणि त्याचे कारण एवढेच की खोडता न येणारे काहीतरी हाती घ्यावे. शाई घ्या, जलरंग घ्या, किंवा कागदावर ॲक्रिलिक घ्या. जे झाले ते झाले म्हणायचे, मागे तारीख घालायची आणि कागद भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. आठ दिवस तो उलटायचा नाही. नवव्या दिवशी पाहताना तो कागद दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा वाटतो, आणि दुसऱ्याच्या कच्च्या कामाकडे तुम्ही, शिक्षिका असल्यामुळे, किती समजुतीने पाहता हे तुम्हाला ठाऊक आहे.

कागद स्वस्त असावा. वेळ चाळीस मिनिटांचा असावा, आणि आठवड्यातून चारच दिवस. रविवारचा अख्खा दिवस मोकळा ठेवून 'आज काहीतरी करायचेच' असे ठरवू नका, निदान सुरुवातीला. जितके तास हाती असतील तितकी अपेक्षा फुगते आणि दुपारच्या चहापर्यंत दिवस हातचा गेलेला असतो.

या संदर्भात लोक गायतोंड्यांचे उदाहरण देतात, तुम्हालाही कोणीतरी दिले आहेच. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी पाच-सहाच कॅनव्हास करत आणि कॅनव्हाससमोर नसण्याचा काळही ते कामाचाच मानत, हे खरे आहे. पण ते दिल्लीत निजामुद्दीनमध्ये एकटे राहत, त्यांच्या गरजा फार थोड्या होत्या, आणि त्यांचे थांबणे ही कित्येक वर्षांत मुरलेली शिस्त होती. चाळीस मुलांच्या वह्या तपासून आलेल्या माणसाने त्या थांबण्याशी स्वतःचे थांबणे ताडून पाहिले तर पदरी अपराधीपणाच येईल. मला त्यांच्या आयुष्यातला दुसरा काळ अधिक उपयोगी वाटतो. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला आणि मोठ्या कॅनव्हासवर काम करणे अवघड होऊन बसले, त्यानंतर त्यांनी कागदावर शाईची लहान चित्रे केली. शरीर जेवढे देऊ शकत होते तेवढ्या मापात त्यांनी काम नेले. तुमचे शरीर दमलेले आहे, त्यामुळे मापाविषयीचा हा धडा तुम्हालाही लागू पडावा.

नोकरी करणाऱ्यांसाठी मला चित्रकार प्रभाकर बरवे यांचे उदाहरण जवळचे वाटते. त्यांनी विणकर सेवा केंद्रात अनेक वर्षे नोकरी केली आणि सोबत वह्या लिहिल्या: विचार, नोंदी, लहान रेखाटने, एखाद्या वस्तूचा आकार आणि तिची सावली यांविषयीची निरीक्षणे. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा चित्रांबरोबर त्या वह्याही मांडल्या होत्या. मी कॅनव्हासपेक्षा त्या वह्यांसमोर जास्त वेळ उभा होतो. दोन चित्रांमधला काळ रिकामा नसतो हे सगळेच म्हणतात. त्या वह्यांमध्ये तो काळ पानापानाने भरलेला दिसत होता. तुम्ही शाळेच्या मधल्या सुट्टीत वही काढू शकाल. मोबाइलवर छायाचित्र काढणे हा त्याला पर्याय नाही, कारण छायाचित्र सगळेच घेते आणि वहीत तुम्हाला हवे तेवढेच उतरते.

इथवरचे एकत्र सांगायचे तर: जुन्या सुरुवातीशी नव्या सुरुवातीची तुलना करा, जुन्या मापातून बाहेर पडा, हाताला साधे काम द्या, आणि काही काळ खोडता न येणाऱ्या माध्यमात थोडा-थोडा वेळ बसा. याने विषय मिळेल असे मी म्हणत नाही. विषयाला दुसरा दिवस मिळेल, इतकेच.

आता कलादालनाच्या चालकांच्या मागणीविषयी, कारण माझ्या मते तुमच्या अस्वस्थतेचा निम्मा भाग तिथे आहे. त्यांना नकार द्यावा असे तुम्हाला वाटते, पण पहिल्याच प्रदर्शनानंतर आलेली मागणी नाकारणे उद्धटपणाचे ठरेल अशी भीतीही वाटते. माझ्या तिसऱ्या प्रदर्शनानंतर मला असाच निरोप आला होता. मी अकरा चित्रे करून दिली. ती वाईट नव्हती. उलट मालिकेतल्या चित्रांपेक्षा सफाईदार होती, आणि तेच त्यांचे दुखणे होते. पूल कुठे येणार, पाणी किती, आकाशाची पट्टी केवढी, हे कुंचला उचलण्याआधीच ठरलेले असे. अकरापैकी तीन विकली गेली, आठ परत आली आणि ती अजून माळ्यावर आहेत. पैशाचे नुकसान मोठे नव्हते, पण सात महिने मी पुरे करण्याचे काम करत राहिलो आणि सुरुवात करण्याची सवय आणखी मोडली. तो चौदा महिन्यांचा काळ त्याच्याच नंतर आला.

पण यावरून एकाच विषयाकडे परत जाऊ नये असा अर्थ कोणी काढू नये, कारण तो साफ चुकीचा आहे. इटलीतल्या बोलोन्याचे चित्रकार जॉर्जो मोरांदी आयुष्यभर त्याच बाटल्या, डबे आणि फुलदाण्या रंगवत राहिले. शिवाय १९३० ते १९५६ ते तिथल्या कला अकादमीत एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छाप घेण्याची कला, शिकवत होते, म्हणजे तुमच्यासारखेच मास्तर होते. चित्रकार सैयद हैदर रझा नागपूर आणि मग मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून शिकून १९५० मध्ये फ्रान्सला गेले, १९५६ मध्ये त्यांना तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, आणि इतके सगळे मिळाल्यावर १९७० च्या दशकात ते स्वतःच्याच कामाविषयी अस्वस्थ झाले. त्यानंतर त्यांच्या भारतातल्या फेऱ्या वाढल्या आणि पुढे त्यांच्या चित्रांत बिंदू, म्हणजे एक मोठे काळे वर्तुळ, आला. तो बिंदू लहानपणी गावच्या शाळेत शिक्षकांनी चंचल मुलाचे मन एकाग्र व्हावे म्हणून भिंतीवर काढून दाखवला होता, असे ते सांगत. पुढे २०१६ मध्ये निधन होईपर्यंत ते बिंदूकडे परत येत राहिले. अर्थात रझांची अस्वस्थता काही वर्षांची होती आणि तुमची तीन महिन्यांची आहे. तिला एवढे मोठे करून पाहू नका. मला दाखवायचे आहे ते इतकेच की परत जाणे आणि पुन्हा करून देणे यांत फरक आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही. चित्र काढणाऱ्याला तो कळतो. परत जाताना तुमच्याकडे न सुटलेली एक गोष्ट असते; पुन्हा करून देताना सगळे सुटलेले असते.

म्हणून मी प्रदर्शन उतरल्यावर एक काम न चुकता करतो. कोणते चित्र सर्वांत चांगले झाले हे न पाहता, हात सर्वांत जास्त कुठे अडखळला ते शोधतो. चांगल्या चित्रांपुढचा रस्ता बहुधा बंद असतो, कारण जे करायचे ते त्यात झालेले असते. अडखळलेल्या चित्रात दार किलकिले राहिलेले असते. तुम्ही स्वतःच ते लिहून ठेवले आहे, कदाचित लक्ष न देता. एकोणिसाव्या चित्राविषयी तुमची तीन वाक्ये आहेत: त्यात पायऱ्या जवळपास दिसतच नाहीत, वरच्या झरोक्यातून भिंतीवर पडलेला उजेडाचा एक तिरपा पट्टा आहे, प्रदर्शनात त्याच्याविषयी कोणी काहीच विचारले नाही, आणि कोणी विचारले असते तरी तुम्हाला ते द्यायचे नव्हते. बाकी एकवीस चित्रांविषयी मिळून तुम्ही दोन वाक्ये लिहिली आहेत.

त्या चित्रात जिना संपतो आणि दुसरे काहीतरी सुरू होते, असे मला छायाचित्रावरून वाटते. आता तुमच्या सोडून दिलेल्या विषयांकडे पुन्हा पाहा. हंड्यांच्या उतरंडीत काय आहे? अंधाऱ्या दुकानात पितळेवर पडलेला उजेड. माजघराच्या बंद दरवाजात? फटीतून आत आलेली उजेडाची एक रेघ, हे तुम्हीच लिहिले आहे. माझा अंदाज चुकीचाही असू शकेल, मूळ चित्र मी पाहिलेले नाही. आणि चपलांचा ढीग या हिशेबात कुठे बसतो हे मला सांगता येत नाही. पण तीन महिने तुम्ही चार वेगळे विषय धरून सोडलेत असे मला दिसत नाही. तुम्ही एकच गोष्ट चार दारांनी शोधत आहात, आणि प्रत्येक दारात जिन्याच्या मापाचा कॅनव्हास घेऊन उभ्या आहात.

या अंदाजाची परीक्षा सोपी आहे. भांडी बाजारात दुपारी, दुकानात दिवे लागण्याआधी जा. शाई आणि पाण्याने, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, फक्त उजळ जागा कोऱ्या सोडून बाकी सगळे काळे करा. हंड्याचा आकार काढू नका, तो उरेल तेवढा उरू द्या. असे वीस कागद झाले की त्यांना एकोणिसाव्या चित्राशेजारी ठेवा. काहीच जुळले नाही, तर दोन रुपयांचे कागद गेले.

शेवटी परत आलेल्या पंधरा चित्रांची व्यवस्था. टेम्पोतून आल्यापासून ती बबल रॅपमध्येच आहेत असे तुम्ही म्हणता. तैलचित्रांना ते बरे नाही, वेष्टणात दमट हवा कोंडते आणि तेल हवेतला प्राणवायू घेऊनच हळूहळू कडक होत असते. ती सोडा आणि भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवून, आधारावर, तोंड भिंतीकडे करून उभी करा. त्यांच्यात सुधारणा करण्याचा मोह होईल. तो सध्या आवरा, कारण तेही पुरे करण्याचेच काम आहे. पातळ थरांच्या चित्रांना अखेरचे व्हर्निश सहसा सहा महिन्यांनी आणि जाड थरांच्या चित्रांना वर्षाने लावतात, तेव्हा ती पुन्हा हाती येतीलच, आणि तोवर तुम्ही त्यांना बऱ्याच शांतपणे पाहू शकाल.

चालकांना चार ओळी लिहा: मागणीबद्दल आभार, नवी दहा चित्रे या वर्षी करणार नाही, परत आलेल्या चित्रांपैकी चौदा पाहण्यासाठी उपलब्ध आहेत, सवडीने यावे. कारणे देऊ नका, माफीही मागू नका. एकोणिसावे चित्र त्या चौदांत धरू नका. ते भिंतीकडे तोंड करूनही ठेवू नका; खोलीत शिरल्यावर समोर दिसेल असे टांगा, आणि त्यांनी आल्यावर ते मागितलेच, तर ते अजून ओले आहे म्हणून सांगा.